मतांचें माप आणि खाड्यांचा मुलूख

बाजारपेठेंत वजनें-मापें खरीं असावींत, हें पेण व रोहें येथील व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावें असें नाहीं. माप सरकारी छापाचें आहे कीं नाहीं, तें केव्हां तपासलें गेलें, आणि देतांना एक व घेतांना दुसरें असा प्रकार तर नाहीं ना, हे प्रश्न प्रत्येक शहाणें गिऱ्हाईक विचारतें. परंतु ज्या मापानें आपलें मत मोजलें जातें, त्या मापाची अशी चौकशी आपल्यापैकीं किती जणांनीं केली आहे? आपण मत देतों, निकाल ऐकतों, आणि पांच वर्षें स्वस्थ बसतों. आपला मतदारसंघ कोणीं आंखला, कोणत्या वर्षाच्या शिरगणतीवरून आंखला, आणि त्याची सीमा खाडीवरून न जातां आपल्याच तालुक्याच्या मधून कां गेली, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं.

ती संवय लावून घेण्याची वेळ आली आहे. केंद्र सरकारनें १६ जून २०२५ रोजीं नव्या जनगणनेची अधिसूचना काढली, व देशाच्या बहुतेक भागासाठीं १ मार्च २०२७ हा गणनेचा संदर्भदिन ठरविला. लोकसभेच्या जागांची राज्यवार वांटणी १९७६ सालीं ४२ व्या घटनादुरुस्तीनें गोठविली गेली. पुढें ८४ व्या दुरुस्तीनें ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीनें स्त्रियांसाठीं राखावयाच्या जागांचा प्रश्नहि जनगणना व त्यानंतरची मतदारसंघ-पुनर्रचना ह्यांच्याशींच बांधून टाकला. दक्षिणेकडील राज्यांनीं २०२५ मध्यें ह्या पुनर्रचनेविषयीं मोठा वाद उभा केला. आम्हीं कुटुंबनियोजन पाळलें, त्याची शिक्षा म्हणून आमचें वजन कमी व्हावें काय, असा त्यांचा सवाल आहे. तो सवाल रास्त आहे. परंतु आज आम्हांस त्याहून लहान व घराजवळचा प्रश्न मांडावयाचा आहे. एकाच राज्याच्या पोटांत, दाट वस्तीचें शहर आणि विरळ वस्तीचा किनारा ह्यांच्यामध्यें प्रतिनिधित्वाची वांटणी कोणत्या न्यायानें व्हावी?

कोणतेंहि माप समजून घ्यावयाचें तर त्याचीं दोन टोकें पाहावींत. लहानांत लहान टोंक पाहण्यासाठीं वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा वेळ दूरच्या समुद्रावर यावें. उत्तर अटलांटिक महासागरांत, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिण किनाऱ्यालगत, सेंट पिएर आणि मिकेलाँ नांवाचा एक द्वीपसमूह आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २४२ चौरस किलोमीटर व वस्ती सुमारें सहा हजार. म्हणजे २०११ च्या शिरगणतींतील पेण शहराच्या वस्तीचा सहावा हिस्साहि नाहीं. पॅरिसपासून हीं बेटें चार हजार किलोमीटरांहून दूर आहेत. असें असतांहि फ्रान्सच्या ५७७ सभासदांच्या राष्ट्रीय सभेंत ह्या बेटांचा स्वतःचा एक सभासद बसतो, आणि वरिष्ठ सभागृहांतहि एक बसतो. खुद्द फ्रान्सांत साधारण सव्वा लाख वस्तीस एक सभासद असा हिशेब आहे. येथें सहा हजारांस एक. मतदानहि येथें एक दिवस अगोदर, शनिवारीं होतें. घड्याळाच्या फरकामुळें मूळ देशाचा निकाल आधीं कळावा, आणि मग बेटकऱ्यांचें मत म्हणजे केवळ उपचार ठरावा, असें होऊं नये हा त्यांतील हेतु आहे.

एवढ्या मूठभर लोकांस स्वतंत्र सभासद कशास, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर ह्या बेटांच्या इतिहासांतच आहे. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या कॉड नांवाच्या माशांवर जगले. १९९२ सालीं कॅनडा व फ्रान्स ह्यांच्यांतील सागरी हद्दीचा तंटा लवादापुढें गेला, आणि त्याच्या निकालानें बेटांच्या वांट्यास भोंवतालचा थोडा समुद्र व दक्षिणेकडे जाणारी एक लांब, अरुंद पट्टी एवढेंच आलें. त्याच वर्षीं मासे संपत आल्यामुळें कॅनडानें आपल्या पाण्यांतील कॉडची मासेमारी बंद केली. दोन राजधान्यांत झालेल्या निर्णयांनीं एका बेटाची चूल विझूं शकते, हें मुरूड, श्रीवर्धन व रेवदंडा येथील आमच्या कोळी बांधवांस निराळें समजावून सांगावयास नको. अशा वेळीं ज्याला समुद्राची भरती-ओहोटी ठाऊक आहे असा एक तरी माणूस राजधानींत असावा लागतो. दाट वस्तीच्या एखाद्या शहराच्या प्रतिनिधीस दहावें काम म्हणून हें काम सोंपवून भागत नाहीं.

परंतु ह्याहून अधिक बोधप्रद गोष्ट पुढेंच आहे. २००९ च्या जानेवारींत फ्रान्सच्या घटना परिषदेनें मतदारसंघांच्या वांटणीविषयीं एक निर्णय दिला. त्यापूर्वीं तेथील प्रत्येक जिल्ह्यास, वस्ती कितीहि कमी असली तरी, निदान दोन सभासद मिळत असत. परिषदेनें ही सवलत रद्द ठरविली; प्रतिनिधित्वाचा पाया लोकसंख्या हाच, असें तिनें बजावलें. दूरच्या लहान प्रदेशास स्वतंत्र जागा द्यावयाची तर त्याचें विशेष दूरत्व हें कारण दाखवितां आलें पाहिजे. केवळ निराळा प्रदेश म्हणून जागा मिळणार नाहीं. परिणाम असा झाला, कीं सेंट पिएरची जागा राहिली, पॅसिफिक महासागरांतील वॉलिस व फुतुना ह्या बेटांचीहि राहिली. परंतु कॅरिबियन समुद्रांत एकमेकांजवळ असलेल्या सेंट बार्थेलेमी व सेंट मार्टिन ह्या दोन बेटांस मिळून एकच सभासद देण्यांत आला. सवलत आहे, पण तिला कारण आहे. कारण आहे, पण त्याला मर्यादाहि आहे. हा न्याय आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याची गरज आपणांस पुढें पडणार आहे.

आपल्या देशांतहि असेंच एक टोंक आहे. लक्षद्वीप हा ३६ बेटांचा समूह. त्यांपैकीं १० बेटांवर वस्ती, आणि सर्व मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. १९६७ पूर्वीं ह्या बेटांचा लोकसभेंतील प्रतिनिधि राष्ट्रपति नेमीत असत. १९६७ सालीं तेथील लोकांनीं प्रथमच आपल्या मतानें आपला माणूस निवडला. २०२४ च्या निवडणुकींत लक्षद्वीपांत सुमारें ५८ हजार मतदार होते. आपल्या रायगड मतदारसंघांत १६ लाख ६८ हजार. आणि तेलंगणांतील मलकाजगिरी येथें ३७ लाखांवर. म्हणजे लक्षद्वीपांतील एका मताचें वजन रायगडांतील सुमारें एकोणतीस मतांइतकें झालें. हिशेबाच्या वहींत हा आंकडा पाहून कोणताहि व्यापारी दचकेल. तथापि ज्या बेटाहून मुख्य भूमीस पोंचण्यास जहाजाची किंवा विमानाचीच वाट पाहावी लागते, त्याला केरळच्या एखाद्या किनारी मतदारसंघास जोडून दिलें असतें तर त्या मताचें वजन कागदावर समान होऊन प्रत्यक्षांत शून्य झालें असतें, हेंहि तितकेंच खरें आहे.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजूहि आम्ही झांकून ठेवणार नाहीं. लहान मतदारसंघ हा नेहमींच निर्मळ असतो असें नाहीं. इंग्लंडांत ओल्ड सॅरम नांवाच्या ओसाड टेंकडीला पार्लमेंटांत दोन सभासद होते, आणि त्यांना निवडणारे मतदार बोटांवर मोजण्याइतके. ती जागा जमीनमालकाच्या खिशांतली वस्तु बनली होती. १८३२ च्या सुधारणा कायद्यानें असलीं सडलेलीं गांवें मोडीत काढलीं. फ्रेंच हिंदुस्थानची गोष्टहि अशीच. पाँडिचेरी व तिच्या जोडीचीं ठाणीं मिळून १८७१ पासून पॅरिसला एक सभासद जात असे. परंतु त्या जागेवर दीर्घकाळ युरोपांतले गृहस्थच निवडून येत राहिले. जागा हिंदी लोकांच्या नांवाची, पण आवाज दुसऱ्याचा, असा तो प्रकार होता. तेव्हां जागा लहान असली म्हणजे लोकांचें कल्याण झालें, असें समजणें भोळेपणाचें होईल.

मात्र लहान जागेंत एक गुणहि आहे. लक्षद्वीपांत पी. एम. सईद हे १९६७ पासून ओळीनें दहा वेळां निवडून आले; आणि २००४ सालीं त्यांचा पराभव झाला तो केवळ ७१ मतांनीं. पावशतकाहून अधिक काळ दृढ झालेलें आसन एखाद्या वाडींतील मतदार हालवूं शकतात, ही जाणीव जेथें असते तेथें प्रतिनिधीला प्रत्येक बेटावर उतरावेंच लागतें.

आतां ह्या दोन टोंकांच्या मध्यें असलेल्या आपल्या मुलखाकडे वळूं. रायगड लोकसभा मतदारसंघांत पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड हे रायगड जिल्ह्यांतील, आणि दापोली व गुहागर हे रत्नागिरी जिल्ह्यांतील असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. नकाशावर हा एक सलग पट्टा दिसतो. परंतु ज्यानें तो पायांखालीं घातला आहे त्याला ठाऊक आहे, कीं हा पट्टा म्हणजे खाड्यांनीं तोडलेल्या तुकड्यांची माळ आहे. उत्तरेस अंबेची धरमतर खाडी, मग कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी, मग राजपुरीची, त्यापुढें दोन जिल्ह्यांची सीमा असलेली सावित्री व तिची बाणकोट खाडी, आणि सर्वांत दक्षिणेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी. आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडलें, दाभोळ ते धोपावें अशी फेरीबोटींत गाड्या चढवून वाट कांपावी लागते. नाहीं तर महामार्गावर येऊन मोठा वळसा घालावा लागतो, आणि त्या महामार्गाचें चौपदरीकरण तर २०११ पासून रखडत आलें. पेणहून गुहागरास जावयाचें म्हणजे दोनशे किलोमीटरांची मजल. समुद्रानें वेढलेलें तेवढेंच बेट असें नाहीं. जेथून तालुक्याच्या ठिकाणीं जाण्यास खाडी ओलांडावी लागते तेंहि एका अर्थी बेटच होय.

ह्या मतदारसंघाचा इतिहासहि ध्यानांत घेण्याजोगा आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकींत कुलाबा ह्या नांवाच्या मतदारसंघानें महाडजवळील नातें गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख ह्यांस लोकसभेंत पाठविलें. ते देशाचे अर्थमंत्री होते, आणि मुंबई महाराष्ट्रास मिळत नाहीं ह्या कारणावरून त्यांनीं १९५६ सालीं मंत्रिपद सोडलें. पुढें कधीं शेतकरी कामगार पक्ष, कधीं काँग्रेस असा येथील मतदारांचा कौल फिरत राहिला. १९८१ सालीं जिल्ह्याचें नांव रायगड झालें, तरी मतदारसंघाचें नांव मात्र २००४ च्या निवडणुकीपर्यंत कुलाबा असेंच चाललें. २००२ मध्यें नेमलेल्या पुनर्रचना आयोगाचा आदेश २००८ सालीं अमलांत आला, आणि २००९ पासून आपण रायगड मतदारसंघाचे मतदार झालों. हा केवळ नांवाचा बदल नव्हता. त्यापूर्वीं रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या तीन जिल्ह्यांच्या मुलखांत कुलाबा, रत्नागिरी व राजापूर असे तीन मतदारसंघ होते. आतां रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन राहिले. आणि पनवेल, उरण व कर्जत हे भाग घाट ओलांडून पिंपरी-चिंचवडच्या जोडीला मावळ मतदारसंघांत गेले.

राजापूर हें नांव त्या वेळीं पुसलें गेलें. हा तोच मतदारसंघ, ज्यानें बॅ. नाथ पै व प्रा. मधु दंडवते ह्यांच्यासारखीं माणसें संसदेस दिलीं. दंडवते १९७७ मध्यें रेल्वेमंत्री झाले, आणि १९९० मध्यें ते अर्थमंत्री असतांना कोंकण रेल्वे महामंडळ स्थापन झालें; १९९८ च्या जानेवारींत संपूर्ण मार्ग खुला झाला. सुमारें ७४० किलोमीटरांच्या त्या मार्गाचा आरंभ आपल्या रोह्यापासून होतो. हें एकट्या माणसाचें काम होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण केवळ डोकीं मोजून ज्या मुलखाला वजन मिळालें नसतें, त्याच्या मनांतली गोष्ट राजधानींत वर्षानुवर्षें बोलून दाखविणारा माणूस असल्यानें काय घडतें, ह्याचा दाखला रोह्याच्या स्थानकावर रोज उभा असतो.

हें वजन कमी होण्याचें कारण आंकड्यांत आहे. २००१ ते २०११ ह्या दशकांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, व सिंधुदुर्गाचीहि ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांच्या आंत आली. रायगड जिल्ह्याची मात्र २२ लाखांवरून २६ लाखांवर चढली. पण ही वाढ मुख्यतः पनवेलच्या बाजूची. २०१६ मध्यें पनवेलची महानगरपालिका झाली, २०२५ मध्यें नव्या विमानतळाचें उद्‌घाटन झालें, आणि २०२४ मध्येंच पनवेल विधानसभा मतदारसंघांत सहा लाखांवर मतदार होते. पेणच्या सुमारें दुप्पट. पुढील वांटणीच्या वेळीं नव्या जागा कोणीकडे सरकतील, आणि पेण, रोहें, तळें, म्हसळें येथील मतदारांचा पट्टा आणखी किती लांबविला जाईल, हें समजण्यास ज्योतिषी लागत नाहीं.

ह्या वजनाचा संबंध रोजच्या घागरीशीं आहे. हेटवणें धरण पेण तालुक्यांत; त्याचें पाणी नवी मुंबईस जातें, आणि त्याच तालुक्यांतील वाशी-हमरापूरच्या खारेपाटांतलीं गांवें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत आलीं. ज्याच्या मागें अधिक डोकीं त्याच्याकडे पाणी आधीं वळतें, हा अनुभव आहे. ह्याच भागांतील लोक स्वतःचें मत स्पष्ट सांगूं शकत नाहींत असें मात्र कोणीं म्हणूं नये. २००८ च्या सप्टेंबरांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमिनी द्याव्या कीं नाहीं, ह्याविषयीं हेटवण्याच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांत जिल्हा प्रशासनानें जनमत घेतलें. शेतकऱ्यांनीं रांगा लावून मत नोंदविलें, आणि फार मोठ्या संख्येनें विरोध दर्शविला. तो प्रकल्प पुढें त्या भूमीवर उभा राहिला नाहीं. प्रश्न सरळ विचारला व विचारणारा दारीं आला, तर खारेपाटांतला शेतकरी सरळ उत्तर देतो.

मग आमची मागणी काय? कोंकणाला विरळ वस्तीबद्दल जादा जागा द्या, असें ओरडणें सोपें आहे, आणि तसें ओरडणारे पुढारी पुढें येतीलहि. आम्ही त्यांच्यांत नाहीं. पिंपरीच्या कारखान्यांतील कामगार किंवा पनवेलच्या चाळींतील चाकरमानी ह्याचें मत आमच्या मतापेक्षां हलकें असावें असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. त्यांच्यांतील कित्येक तर आमचेच भाऊबंद आहेत. माणसांची समानता हा नियम, आणि दूरत्व हा अपवाद. लक्षद्वीपास तो अपवाद शोभतो, कारण तेथें दुसरी वाटच नाहीं. आपण रस्त्यानें, रेल्वेनें मुंबईशीं जोडलेलों आहोंत. फ्रान्सच्या घटना परिषदेनें जो न्याय सेंट बार्थेलेमीला लावला, तोच आपण आपणांस लावून घेतला पाहिजे. जागेंत आम्हांस सवलत नको. परंतु सीमा आंखतांना न्याय हवा, आणि तो कायद्यानेंच सांगितलेला आहे.

२००२ च्या पुनर्रचना कायद्याच्या नवव्या कलमांत असें म्हटलें आहे, कीं मतदारसंघ शक्यतोंवर भौगोलिक दृष्ट्या आटोपशीर असावेत, आणि ते आंखतांना जमिनीची नैसर्गिक रचना, प्रशासकीय विभागांच्या सीमा, दळणवळणाचीं साधनें व लोकांची सोय ह्यांकडे लक्ष द्यावें. हे शब्द कागदावर असतांहि रोहें तालुक्याचे तुकडे झालेच. नागोठण्याकडचा भाग पेण विधानसभा मतदारसंघांत गेला, आणि खुद्द रोहें शहर श्रीवर्धनच्या मतदारसंघांत. एकाच तहसील कचेरींत खेटे घालणाऱ्या, एकाच बाजारांत माल विकणाऱ्या लोकांचे आमदार निराळे झाले. कुंडलिकेच्या पाण्याचा किंवा धाटावच्या कारखान्यांचा प्रश्न निघाला, कीं कोणाच्या दारीं जावें हाच पहिला प्रश्न होऊन बसतो. संख्येचा मेळ घालण्यासाठीं कोठें तरी कात्री चालवावीच लागते, हें आम्ही जाणतों. पण ती तालुक्याच्या मधून चालवावयाची तर तिचें कारण लेखी व उघड असलें पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यांत अशा. नव्या आयोगानें तालुका शक्यतों अखंड ठेवावा, व फोडावाच लागला तर खाडी, नदी किंवा डोंगराच्या रेषेवर फोडावा. प्रत्येक मतदारसंघाच्या प्रस्तावाबरोबर एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास जाण्यास किती वेळ लागतो, हेंहि लोकसंख्येच्या शेजारीं छापावें. केवळ चौरस किलोमीटरांवरून खाडीचा वळसा समजत नाहीं. आणि एवढ्या लांब मतदारसंघाच्या खासदारानें, मग तो कोणत्याहि पक्षाचा असो, प्रत्येक मोठ्या खाडीच्या पलीकडे आपली कचेरी उघडून ठराविक वारीं तेथें बसावें. ह्या शेवटच्या गोष्टीस कायदा लागत नाहीं. तिच्यासाठीं मतदारांनीं मत मागावयास आलेल्या उमेदवारास विचारणें पुरे आहे.

ह्यांतील पहिल्या दोन गोष्टी मात्र आपोआप होणार नाहींत. २००२ च्या कायद्याप्रमाणें आयोगास आपले प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागल्या, आणि जाहीर बैठकी घ्याव्या लागल्या. खासदार व आमदार त्या आयोगाचे सहकारी सदस्य होते, पण त्यांस मताचा अधिकार नव्हता. अंतिम आदेश एकदां निघाला, कीं न्यायालयांत त्याविरुद्ध दाद मिळण्यास फारच थोडी जागा उरते. तेव्हां खरी लढाई हरकतीच्या मुदतींतच लढावी लागते, आणि ती नकाशा व आंकडे हातांत घेऊन लढावी लागते. पेणच्या मूर्तिकारांची मंडळी, रोह्याचे व्यापारी, भात गिरणीवाले, खारेपाटांतले शेतकरी, कोळी समाजाच्या संस्था, नगरपालिका व ग्रामपंचायती ह्यांनीं आतांपासून एकत्र बसून आपल्या भागाचा एक साधा नकाशा तयार करावा. कोणतें गांव कोणत्या बाजारास जातें, कोणत्या बोटीनें जातें, कोणत्या कचेरीवर अवलंबून आहे, एवढें त्यावर दाखवावें. ठरावांच्या भाराहून असा एक नकाशा आयोगापुढें अधिक बोलेल.

आणखी एक गोष्ट आपल्या घरची आहे. आपल्या गांवचे पुष्कळ चाकरमानी मुंबईंत राहतात. त्यांचें डोकें शिरगणतींत मुंबईस मोजलें जातें, आणि नांव मात्र गांवच्या मतदारयादींत राहतें. मतदारसंघ आंखला जातो तो लोकसंख्येवरून, मतदारयादीवरून नव्हे. त्यामुळें यादी फुगलेली आणि वजन घटलेलें, अशी आपली दुहेरी फसगत होते. ज्यानें जेथें राहावें तेथेंच नांव नोंदवावें, हा कायद्याचा दंडक पाळण्यांत आपलेंच हित आहे. उलट जो गांवीं राहतो त्यानें जनगणनेच्या वेळीं घराला कुलूप लावून जाऊं नये, आणि मोजणाऱ्यास सर्व माणसें सांगावींत. म्हातारी आई व परसांतलीं कातकरी बिऱ्हाडें वगळून नव्हे.

शेवटीं मतदानाविषयीं. २०१४ सालीं रायगडचा निकाल २,११० मतांनीं लागला. त्या वेळीं वरीलपैकीं कोणीहि नको असें नोंदविणारे वीस हजारांवर होते. ७ मे २०२४ रोजीं सुमारें साठ टक्के मतदान झालें. म्हणजे दर पांच मतदारांतील दोघे केंद्रावर आलेच नाहींत. त्यांत कित्येक आजारी, कित्येक परगांवीं असतील; परंतु कित्येक केवळ आळसानें घरीं बसले, हें नाकारतां येणार नाहीं. जो आपलें माप भरूनच देत नाहीं, त्यानें तें माप खोटें आहे अशी तक्रार कोणत्या तोंडानें करावी? सेंट पिएरचे मच्छीमार एक दिवस आधीं मत देतात, तें आपलें मत निकालानंतरचा उपचार ठरूं नये म्हणून. आपल्यापुढें तर अद्याप पुरता अवधि आहे. पुनर्रचनेचा प्रस्ताव प्रसिद्ध होईल त्या दिवशीं पेण व रोहें येथून निघणाऱ्या हरकतींचा कागद तयार असावा, आणि त्यावर सह्या करणाऱ्यांत आमच्या वाचकांची संख्या मोठी असावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.